आर्द्रतारोधन, घरांचे

घराचा पाया, भिंती, तळजमीन, छप्पर व न्हाणीघर यांत जमिनीतील, पावसाचे किंवा नळातील पाणी शिरू नये, अथवा शिरलेले पाणी पुढे पसरू नये, म्हणून बांधकामाच्या वेळी किंवा नंतर योजलेल्या उपायांना आर्द्रतारोधन म्हणतात. गच्ची, तळघर, पाण्याची टाकी यांसारख्या ठिकाणी साठलेल्या पाण्याचा दाबही सोसावा लागतो. तेथील उपायांना जलरोधन असे वेगळे नाव असले, तरी दोहोंची तत्त्वे व बरीचशी द्रव्ये समान आहेत.

एखादा उपचार किती वर्षे टिकेल, हा गृहस्थाच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. त्याचे उत्तर केवळ वापरलेल्या द्रव्यावरून देता येत नाही. ओल कोणत्या मार्गाने येते, उपचार भिंतीच्या अंतर्भागी आहे की पृष्ठभागावर, त्याखालील बांधकाम स्थिर आहे की हलते आणि पाण्याला वाहून जाण्यास वाट आहे की नाही, या चार गोष्टींवर त्याचे आयुर्मान अवलंबून असते. एकच द्रव्य एका घरात वीस वर्षे टिकते व शेजारच्या घरात दुसऱ्या पावसाळ्यातच निकामी होते, याचे कारण बहुधा या चार गोष्टींतच सापडते. उन्हाळ्यातील तीव्र उष्णता, त्यापाठोपाठ येणारा जोरदार पाऊस व फुगणारी काळी माती यांमुळे नागपूर व त्याच्या परिसरातील घरांत या सर्व बाबींची कसोटी लागते. म्हणून प्रस्तुत नोंदीत तेथील परिस्थिती उदाहरणादाखल घेतली आहे.

ओलीचे मार्ग : वीट, चुना, गिलावा व काँक्रीट ही सर्व द्रव्ये सच्छिद्र असतात. भारतीय मानकानुसार सामान्य प्रतीच्या भाजलेल्या विटेने २४ तास पाण्यात बुडवून ठेवल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये. म्हणजे चांगली वीटही बरेच पाणी सामावून घेऊ शकते.

पायाभोवतीच्या जमिनीतील पाणी विटा व दर्जा यांतील सूक्ष्म नलिकांमधून केशाकर्षणाने वर चढते [⟶ केशाकर्षण]. नलिका जितकी अरुंद तितकी चढण अधिक असते. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या नलिकेत पाणी सु. १·५ मी., तर १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या नलिकेत सैद्धांतिक दृष्ट्या सु. १५ मी. चढू शकते. प्रत्यक्षात भिंतीच्या पृष्ठभागावरून पाण्याचे सतत बाष्पीभवन होत असल्याने ही ओल बहुधा जमिनीपासून १ ते १·५ मी. उंचीवर थांबते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाणी न झिरपणारा गिलावा किंवा तैलरंग दिल्यास बाष्पीभवनाची वाट बंद होते व ओल तेवढीच आणखी वर सरकते.

दुसरा मार्ग पावसाचा आहे. वाऱ्याबरोबर भिंतीवर आपटणारे पाणी गिलाव्याच्या भेगा, खिडक्यांच्या चौकटींच्या कडा आणि चौकटीचे काँक्रीट व विटांची भिंत यांमधील सांधा येथून आत येते. गच्चीतून येणारे पाणी बहुधा कठड्याच्या बुडाशी, पन्हळीच्या तोंडाशी किंवा लाद्यांखालील भेगेत शिरते आणि शिरकावापासून बऱ्याच अंतरावर छताला डाग पाडते. तिसरा मार्ग घरातील पाण्याचा. न्हाणीघर, शौचकूप, मोरी, भिंतीत पुरलेले नळ व सांडपाण्याच्या नळांचे सांधे यांतून ते झिरपते. चौथा प्रकार म्हणजे दमट हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर द्रवरूप होणे. याखेरीज नवीन बांधकामात गिलावा, काँक्रीट व पाणी मारणे यांमुळे मुरलेले पाणी वाळण्यासही काही महिने लागतात. भिंतीच्या जाडीच्या दर २५ मिमी.ला सु. एक महिना, असा या बाबतीत स्थूल नियम आहे. त्यानुसार नऊ इंची (सु. २३० मिमी.) भिंत पूर्ण वाळण्यास नऊ ते दहा महिने लागू शकतात.

दुष्परिणाम : ओल सुकताना तिच्याबरोबर आलेली लवणे पृष्ठभागाजवळ स्फटिकरूप होतात. भिंतीवर दिसणारा पांढरा लोणा तो हाच. स्फटिक वाढताना छिद्रांच्या भिंतींवर दाब पडतो व रंगाचे पोपडे, गिलाव्याची भुकटी आणि अखेरीस विटांचा पृष्ठभाग गळू लागतो. यांपैकी नायट्रेटे व क्लोराइडे आर्द्रताग्राही असतात. जमिनीकडून येणारे पाणी पूर्णपणे बंद केले, तरी अशा लवणांनी भरलेला जुना गिलावा पावसाळी हवेतून बाष्प शोषून पुन्हा ओला दिसतो.

सलोह काँक्रीटमधील लोखंडी गजांना सभोवतालच्या सिमेंटच्या तीव्र क्षारतेमुळे संरक्षण लाभलेले असते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे ही क्षारता कालांतराने कमी होते. त्यानंतर ओल व हवा या दोन्ही मिळाल्या की, गज गंजू लागतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने गजाखालचे काँक्रीट फुटून खाली पडते. छतावरचा ओलीचा डाग हा म्हणूनच केवळ दिसण्याचा प्रश्न नसून इमारतीच्या बळकटीचाही प्रश्न ठरतो. ओलसर भिंतींवर बुरशी वाढते. अशा घरांत राहणाऱ्यांमध्ये दमा व श्वसनमार्गाचे इतर विकार अधिक प्रमाणात आढळतात, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दिला आहे.

नागपूरची भूमी व हवामान : नागपूर शहराच्या पश्चिम भागात दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट, तर पूर्व भागात पट्टिताश्मासारखे प्राचीन स्फटिकी खडक आढळतात. बेसाल्टाच्या झिजेपासून बनलेल्या काळ्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते व सुकताना आकसते. उन्हाळ्यात या मातीला रुंद व खोल भेगा पडतात, तर पावसाळ्यात ती फुगून पायावर व तळजमिनीवर दाब देते. प्रतिवर्षी होणाऱ्या या हालचालीमुळे हलक्या, उथळ पायाच्या घरांच्या जोत्याला भेगा पडतात. त्या भेगेबरोबर जोत्यावर घातलेला ओलरोधक थरही तुटतो. अशा भूमीसाठी रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने फुगीर बुडाच्या स्थूणांचा पाया विकसित केला. काळी माती काढून तेथे मुरूम भरणे, हा अधिक प्रचलित व स्वस्त उपाय आहे.

येथील वार्षिक पर्जन्यमान सु. १,१०० मिमी. असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात कमाल तापमान ४५° से.च्या पुढे जाते आणि उन्हात तापलेल्या गच्चीच्या पृष्ठभागाचे तापमान ६०° से.हून अधिक होते. मृगाची पहिली सर पडताच हा पृष्ठभाग काही मिनिटांत थंड होतो. काँक्रीटचा प्रसरणांक लक्षात घेता १० मी. लांबीच्या तक्तपोशीच्या तापमानात ४०° से.चा फरक पडल्यास तिच्या लांबीत सु. ४ मिमी. फरक पडतो. तक्तपोशीवर घट्ट चिकटलेल्या कोणत्याही थराला ही हालचाल दरवर्षी अनेकदा सोसावी लागते.

एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. त्यामुळे भिंतीतील ओल झपाट्याने सुकते, डाग फिके होतात आणि कोणताही उपचार यशस्वी झाल्यासारखा वाटतो. उलट दसरा-दिवाळीच्या सुमारास घर रंगविण्याची प्रथा आहे. त्या वेळी भिंतींत पावसाळ्यात मुरलेले पाणी अद्याप शिल्लक असते. ते रंगाखाली कोंडले जाऊन होळीपर्यंत फुगे व पोपडे दिसू लागतात. या दोन्ही गोष्टी ऋतुमानातून उद्भवणाऱ्या असल्याने उपचाराची खरी परीक्षा निदान दोन पावसाळे उलटल्यावरच होते.

या शहरात उन्हाळ्यात घरोघरी वापरले जाणारे कूलर हेही ओलीचे एक कारण आहे. खिडकीबाहेर लोखंडी घडवंचीवर ठेवलेल्या कूलरच्या टाकीतून ठिबकणारे पाणी खिडकीच्या तळाशी व बाहेरच्या जोत्यालगत मुरते. ऐन उन्हाळ्यात, आजूबाजूची जमीन भेगाळलेली असताना, भिंतीचा ठराविक भागच ओला दिसू लागल्यास प्रथम कूलर व नळ तपासणे इष्ट असते.

सखल भागांत पुराच्या पाण्याचीही भर पडते. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे झालेल्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला व नाग नदीच्या काठावरील अनेक वस्त्यांतील घरांत पाणी शिरले. जोत्यावरून आत आलेल्या अशा पाण्यापुढे जोत्यातील ओलरोधक थराचा काहीच उपयोग होत नाही. त्यासाठी जोत्याची उंची व नाल्यांची वहनक्षमता हेच उपाय होत.

ऐतिहासिक आढावा : पारंपरिक बांधकामात पाणी अडविण्यापेक्षा त्याला दूर ठेवण्यावर व शिरलेले पाणी सुकू देण्यावर भर असे. विदर्भातील जुन्या घरांत दगडी उंच जोते, कवेलूंचे उतरते छप्पर, भिंतीपासून पुढे आलेली वळचण व चुन्याचा गिलावा ही योजना आढळते. चुन्यातून बाष्प सहज बाहेर पडते. त्यामुळे भिंत ओली झाली, तरी ती सुकते. दर वर्षी-दोन वर्षांनी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे व चुन्याचा हात देणे, ही निगा त्या पद्धतीचाच भाग होती. सपाट गच्च्यांवर चुना, सुरखी व विटांचे तुकडे यांचा थर घालून तो लाकडी थाप्यांनी कित्येक दिवस चोपीत व त्यावर गूळ आणि बेलफळ यांचे पाणी शिंपडीत. चुन्याच्या अशा कोब्याची पद्धत पुढे भारतीय मानक ३०३६ मध्येही समाविष्ट झाली.

भिंतीत आडवा अभेद्य थर घालण्याची आधुनिक पद्धती इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमानंतर तेथील नगरपालिकांच्या उपविधींत हा थर आवश्यक ठरला. आरंभी त्यासाठी सिमेंटमध्ये बसविलेल्या पाटीच्या दगडाचे दोन थर, शिसे किंवा डांबर वापरीत. भारतात सिमेंट काँक्रीटचा प्रसार झाल्यावर जोत्यावर सिमेंट काँक्रीट व बिट्युमेन यांचा थर घालण्याची पद्धत सर्वत्र पडली. नागपूर सुधार प्रन्यासाच्या स्थापनेनंतर (१९३७) शहराभोवती आखलेल्या नव्या वस्त्यांत सपाट गच्चीची घरे वाढत गेली आणि उतरत्या छपराने आपोआप होणारे काम आता जलरोधक थरावर येऊन पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन, एपॉक्सी यांसारखी बहुवारिक द्रव्ये व बहुवारिकमिश्रित बिट्युमेनची पटले प्रचारात आली.

उपचार व त्यांचे आयुर्मान : पुढे दिलेले कालावधी सर्वसाधारण व्यवहारातील अनुभवावर आधारलेले असून काम व्यवस्थित झाले आहे, असे त्यांत गृहीत धरले आहे.

(१) जोत्यावरील ओलरोधक थर : भारतीय मानक ३०६७ मध्ये इमारतींच्या आर्द्रतारोधनाची सर्वसाधारण तत्त्वे दिली आहेत. प्रचलित पद्धतीत जोत्याच्या पातळीवर, भिंतीच्या पूर्ण रुंदीत, १ : २ : ४ प्रमाणाच्या काँक्रीटचा ४० ते ५० मिमी. जाडीचा थर घालतात. त्यात सिमेंटच्या वजनाच्या सु. २ टक्के जलरोधक चूर्ण किंवा द्रव मिसळतात व थर वाळल्यावर गरम बिट्युमेनचे दोन हात देतात. या थरावर ऊन पडत नाही, झीज होत नाही व तापमानाचा चढउतारही अल्प असतो. त्यामुळे पाया हलला नाही, तर तो भिंतीइतकाच टिकतो. पाटीचा दगड व शिसे यांचे थर शंभर वर्षांनंतरही कार्यक्षम राहिल्याची उदाहरणे आहेत. हा थर निकामी होण्याची कारणे बहुधा त्याच्या बाहेरची असतात. पाया खचून त्याला भेग पडते. बाहेरची जमीन, अंगणातील फरशी किंवा फुलझाडांचा वाफा भराव घालून थराच्या वर नेला जातो. किंवा आतबाहेरचा गिलावा त्या थरावरून सलग खाली जमिनीपर्यंत आणला जातो. अशा गिलाव्यातून पाणी थराला वळसा घालून वर चढते. रस्त्यांची पातळी पुनःपुन्हा उंचावल्याने जुन्या वस्त्यांतील अनेक घरांचा हा थर आता जमिनीखाली गेला आहे.

(२) भिंतीत द्रव्ये भरणे : मूळ थर नसलेल्या किंवा तो तुटलेल्या भिंतीत जमिनीपासून सु. १५० मिमी. उंचीवर, दर्जाच्या आडव्या ओळीत सु. १०० ते १२० मिमी. अंतराने छिद्रे पाडून सिलेन किंवा सिलोक्झेन या वर्गातील द्रव्ये भरतात. ती छिद्रांच्या पृष्ठभागांना जलविरोधी बनवितात व केशाकर्षण थांबवितात. ब्रिटनमध्ये या उपचारास २० वर्षांची हमी देण्याची प्रथा आहे. द्रव्य स्वतः दीर्घकाळ टिकते. परंतु ते भिंतीच्या पूर्ण जाडीत सलग पसरले नाही, तर राहिलेल्या फटींतून पाणी चढतच राहते. दगड-मातीच्या जाड भिंतींत व आत पोकळ्या असलेल्या भिंतींत असे सलग पसरणे कठीण असते. या उपचाराबरोबर लवणयुक्त गिलावा ओलीच्या रेषेच्या वर सु. ३०० मिमी.पर्यंत खरवडून काढणे आवश्यक असते. हे न केल्यास आर्द्रताग्राही लवणांमुळे भिंत पूर्ववत ओली दिसते व उपचार फसला, असा समज होतो.

(३) जलरोधक गिलावा व रंग : गिलाव्यात मिसळावयाच्या जलरोधक द्रव्यांसाठी भारतीय मानक २६४५ आहे. ही द्रव्ये गिलाव्याची सच्छिद्रता कमी करतात. मात्र त्याला पडणारी भेग बुजवू शकत नाहीत. बाहेरच्या भिंतीवरील चांगला गिलावा २० ते ३० वर्षे, तर त्यावरील ॲक्रिलिक रंग सामान्यतः ४ ते ७ वर्षे टिकतो. पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या भिंतींवर ऊन व वादळी पाऊस या दोहोंचा मारा अधिक असल्याने तेथे हा काळ कमी होतो. आतील बाजूने लावलेले ओलरोधक रंग ओल थांबवीत नाहीत, केवळ झाकतात. मागून पाण्याचा दाब असल्यास ते एक ते तीन वर्षांत सुटतात. सर्वांत अधिक खर्च वाया जातो तो याच उपचारावर.

(४) गच्चीवरील उपचार : चुन्याचा किंवा विटांच्या तुकड्यांचा कोबा जड असतो, परंतु तो तक्तपोशीला उन्हापासूनही जपतो. योग्य उतारासह घातल्यास तो १५ ते २५ वर्षे, तर जुन्या पद्धतीने चोपलेला चुन्याचा कोबा त्याहूनही अधिक काळ टिकतो. त्याचा दोष असा की, एकदा भेगेतून आत गेलेले पाणी विटांच्या तुकड्यांत साठून राहते व मूळ भेग सापडत नाही. जुन्या कोब्यावर दुसरा कोबा घातल्याने तक्तपोशीवरील भार धोकादायक रीत्या वाढतो. म्हणून जुना थर काढूनच नवा घालणे आवश्यक असते.

बिट्युमेनचे नमदे व बहुवारिकमिश्रित पटले १० ते १५ वर्षे टिकतात. नागपूरसारख्या ठिकाणी साधे रस्त्याचे डांबर गच्चीवर लावणे निरुपयोगी ठरते. त्याचा मृदुकरणबिंदू ५०° से.च्या आसपास असल्याने ते मे महिन्यात पातळ होऊन उताराकडे ओघळते. यासाठी सु. ८५° से. मृदुकरणबिंदू असलेले, हवा फुंकून तयार केलेले बिट्युमेन वापरतात. उघडे बिट्युमेन जंबुपार किरणांनी ठिसूळ होते, म्हणून त्यावर खडी, लाद्या किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचे आवरण देतात.

ॲक्रिलिकचे द्रवरूप लेप स्वस्त व लावण्यास सोपे आहेत. त्यांचे आयुष्य ३ ते ५ वर्षे असते व पाणी तुंबणाऱ्या गच्चीवर ते त्याहूनही कमी होते. पॉलियुरेथेनाचे लेप अधिक लवचिक असून आवरणाखाली ८ ते १० वर्षे किंवा अधिक टिकतात. पांढऱ्या लेपांमुळे गच्चीचे तापमान उतरते व खालच्या थराचे आयुष्य वाढते, हा त्यांचा अधिकचा लाभ होय.

(५) न्हाणीघर व मोरी : येथे सिमेंट व बहुवारिक यांच्या मिश्रणाचा लवचिक लेप तळावर व भिंतीवर सु. ३०० मिमी. उंचीपर्यंत, स्नानाच्या जागी त्याहून अधिक उंच, देऊन त्यावर लाद्या बसवितात. लाद्यांखाली सुरक्षित असल्याने तो १० ते १५ वर्षे टिकतो. गळती सुरू होते ती बहुतेक वेळा नळ तळातून पार जातो त्या जागी. लाद्यांमधील सांधे भरणे हा केवळ तात्पुरता उपाय असून त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांपेक्षा क्वचितच अधिक असते.

वरील कालावधींची तुलना केल्यास एक नियम स्पष्ट होतो. बांधकामाच्या वेळी आत झाकले गेलेले उपचार दशकानुदशके टिकतात. नंतर झाकून केलेले उपचार १० ते २० वर्षे टिकतात. पृष्ठभागावर उघडे असलेले उपचार ३ ते ७ वर्षे टिकतात. आणि कारण न शोधता आतून लावलेले उपचार एक-दोन पावसाळेच टिकतात. पहिल्या वर्गातील उपचारांचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने अल्प असतो, पण नंतर ते करणे सर्वांत कठीण व महाग असते.

निदान : उपचाराचे आयुष्य निदानाच्या अचूकतेवर अवलंबून असल्याने ओलीची जागा, उंची, आकार व काळ यांची नोंद वर्षभर ठेवणे उपयुक्त ठरते. जमिनीलगत सलग पट्टा, त्यावर लोण्याची रेषा व वर्षभर टिकणारी ओल हे जमिनीतून चढणाऱ्या पाण्याचे लक्षण होय. पावसानंतर काही तासांत उमटणारे व उघडीप मिळताच फिके पडणारे डाग गच्चीचे किंवा बाहेरच्या भिंतीचे असतात. पावसाशी संबंध नसलेली, एकाच जागी वाढत जाणारी ओल नळाची किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची असते. दीर्घ पावसाळी झडीत कपाटांच्या मागे व कोपऱ्यांत येणारी काळी बुरशी बंद हवा व बाष्पाचे द्रवीभवन सुचविते. तेथे रोधक थरापेक्षा वायुवीजन उपयोगी पडते.

केवळ विद्युत् संवाहकतेवर चालणाऱ्या आर्द्रतामापकाच्या वाचनावर विसंबणे धोक्याचे असते, कारण लवणांमुळे कोरडी भिंतही त्यावर ओली दिसते. भिंतीच्या आतील भागाचा नमुना काढून तो तोलणे व भट्टीत वाळवून पुन्हा तोलणे ही अधिक विश्वसनीय पद्धत आहे. गच्ची किंवा न्हाणीघर यांची परीक्षा पाण्याची तोंडे बंद करून २५ ते ५० मिमी. पाणी ४८ तास साठवून करतात. नव्या थरावर लाद्या बसविण्यापूर्वी ही चाचणी घेतल्यास दोष दुरुस्त करणे सोपे जाते.

हमी व जबाबदारी : उत्पादकाने किंवा ठेकेदाराने दिलेली हमी ही उपचाराच्या आयुर्मानाचे माप नव्हे. पुष्कळ हमीपत्रांत केवळ द्रव्याचा दोष अंतर्भूत असतो. पृष्ठभागाची तयारी, बांधकामाच्या भेगा, पाणी तुंबणे व नंतर केलेली तोडफोड या गोष्टी वगळलेल्या असतात, आणि उपचार फसण्याची कारणे बहुधा नेमकी हीच असतात. शिवाय हमी देणारा व्यवसायात असेपर्यंतच तिला अर्थ असतो. म्हणून हमीपत्रात मजुरीचा अंतर्भाव आहे की नाही, वगळलेल्या बाबी कोणत्या व निगेच्या अटी कोणत्या, हे पाहणे आवश्यक असते.

नव्या सदनिकांच्या बाबतीत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ (३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा वा कारागिरीचा दोष निदर्शनास आणून दिल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर केला पाहिजे. अन्यथा खरेदीदारास भरपाई मागता येते. गळती हा अशा दोषांपैकी नेहमी आढळणारा दोष आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी पावसाच्या पाण्याची गळती व तीमुळे वरच्या मजल्यावरील छताचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते, तर सदनिकेच्या आतील न्हाणीघर वा शौचकूप यांच्या गळतीची जबाबदारी संबंधित सभासदावर असते. गळतीचा उगम निश्चित करणे म्हणूनच तांत्रिक दृष्ट्या जितके, तितकेच सभासदांमधील तंटा मिटविण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.

निगा : उपचाराचे आयुष्य वाढविणारे उपाय साधे आहेत. गच्चीचा उतार १०० ला १ पेक्षा कमी नसावा. ताशी १०० मिमी. पाऊस धरल्यास १०० मिमी. व्यासाचा एक उभा नळ सु. ४० चौ. मी. गच्चीला पुरतो. त्यांची तोंडे मृगापूर्वी व पावसाळ्यात दर पंधरवड्यास पालापाचोळ्यापासून मोकळी करावीत. भिंतींच्या सांध्यांत उगवलेली पिंपळाची व वडाची रोपे मुळासकट काढावीत. जोत्याभोवती बाहेरच्या बाजूस उतार असलेला सु. ७५० मिमी. ते १ मी. रुंदीचा पक्का पट्टा बांधल्यास पायालगतच्या काळ्या मातीतील पाण्याचे प्रमाण स्थिर राहते व तिचे फुगणे-आकसणे मर्यादित होते. बाहेरची जमीन ओलरोधक थराच्या निदान १५० मिमी. खाली ठेवावी. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, सौर तापक किंवा दूरचित्रवाणीच्या थाळ्या बसविताना थराला छिद्रे पाडू नयेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र चौथरे आधीच बांधून घ्यावेत. जलरोधनाचे काम फेब्रुवारी ते मे या काळात, भिंती व गच्ची पूर्ण कोरडी असताना करावे. एप्रिल-मे मधील लेप सकाळी लवकर द्यावेत, कारण तापलेल्या पृष्ठभागावर ते नीट मुरण्यापूर्वीच सुकतात. रंगकाम दिवाळीऐवजी हिवाळ्याच्या अखेरीस केल्यास रंगाचे आयुष्य लक्षणीय वाढते.